ढगात ठेवलेलं वाचन

पडद्यावर लिहिलं होतं, 'या संगणकाचा दुवा तोडायचा का?' खाली दोन चौकोन. एकात 'दुवा तोडा', दुसऱ्यात 'रद्द करा'. प्रज्ञाने बाण पहिल्या चौकोनावर नेऊन ठेवला होता आणि तिचं बोट माउसवर होतं. टेबलावर तिचा फोन उघडा पडला होता आणि त्यातून तिच्या ऑफिसातला मुलगा बोलत होता, "प्रग्या, अनलिंक मार दो. फिर से साइन इन. दो मिनट का काम है."

"थांब," मी म्हटलं. "काय तोडतेस?"

"काही नाही तुटत, आत्या. नुसतं म्हणतात तसं."

"लिहिलंय काय ते वाच."

विमल, तुला आपल्या भाचीचं मराठी माहीत आहे. दादाची मुलगी असून बालवाडीपासून हिंदीत वाढली. एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं ती वाचते. "या सं-ग-ण-का-चा दुआ... आत्या, कॉम्प्युटरमध्ये दुआ कशाला?"

"दुआ नाही. दुवा."

"तेच ना. दुआ. प्रेयर."

मला माहीत असलेला दुवा एकच. दारावर आलेल्या म्हातारीला भाकरी दिली की जाताना ती देते तो. तो कोणी तोडतं हे मी या वयापर्यंत ऐकलं नव्हतं. कशासाठी तोडायचा आणि तुटल्यावर काय उरतं, हे त्या खोलीत आम्हा दोघींपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. सांगणारी तू होतीस.

"दुवा तोडायचा नाही," मी म्हटलं.

"आत्या, प्लीज. तोडून परत जोडायचं असतं. सगळे असंच करतात."

"परत जोडायला काय लागतं?"

"पासवर्ड."

"तो आहे तुझ्याकडे?"

"नाही. पण विसरले म्हणून सांगायचं, मग ओटीपी येतो. छोट्या आत्याच्या फोनव..."

ती तिथेच थांबली. तुझा नंबर तिनेच बंद केला होता, मागच्या आठवड्यात, दुकानात उभी राहून, मृत्यूचा दाखला दाखवून. मीच म्हटलं होतं, गेलेल्या माणसाचा फोन कशाला चालू ठेवायचा. ती तेव्हा म्हणाली होती, बिल्कुल, आत्या. आता तिने माउसवरून हात असा उचलला की जणू तव्यावर पडला होता.

"हेलो? प्रग्या? हो गया?"

"नहीं," ती म्हणाली. "रुको यार."

तुझ्यामागे काय राहिलं आणि आम्ही कशासाठी एवढं धरून बसलो होतो, ते तुला सांगायची गरज नाही, तूच ते ठेवलंस. पण ठेवलंस हे मला सांगितलं नव्हतंस. तुझ्यामागच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लावायला तुझा बरा फोटो हवा होता म्हणून प्रज्ञाने तुझा कॉम्प्युटर उघडला. फोटो मिळाला. त्याच्या शेजारी 'ताई' नावाचा खण होता. आत ओळीने आवाजाच्या फायली. प्रत्येकीच्या बाजूला छोटा ढग. दाबलं की एकच उत्तर, 'जोडणी उपलब्ध नाही.' आणि कोपऱ्यात एक गोल फिरत राहायचं, 'जोडत आहे'. कार्यक्रमाला वर्ध्याची माणसं आली, जेवली, गेली, तरी ते जोडतच होतं.

त्या फायलींना तू नावं दिली होतीस. 'प्रकरण बारा'. 'प्रकरण तेरा, इंदू स्टँडवर'. तेवढ्यावरून मला कळलं.

आपलं ते जाड पुस्तक. मराठी मंडळाच्या लायब्ररीतून आणलेलं. मला वाचता येतं, चौथीपर्यंत मास्तरांनी चांगलं घोटून घेतलं होतं, पण डोळे गेल्यापासून मोठी अक्षरं सोडून बाकी सगळ्या मुंग्या. म्हणून रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला तू वाचायचीस आणि मी भाजी निवडत ऐकायची. ऐकायची म्हणजे भांडायची. त्यातली इंदू नवऱ्याचं घर सोडून निघते आणि बसस्टँडवर येऊन बसते. तू म्हणालीस, ती परत जाणार. मी म्हटलं, अजिबात नाही. तू म्हणालीस, ताई, तुला माणसं कळत नाहीत. मी म्हटलं, तुला ऑफिसातली कळतात, मला घरातली कळतात. तू ते पुस्तक आधी वाचलेलं होतंस. शेवट तुला माहीत होता, तरी तू मला रोज भांडू दिलंस. मग तुला हॉस्पिटलात न्यावं लागलं आणि इंदू स्टँडवर बसून राहिली.

तिथून घरी आणल्यावर तू वाचेनास. म्हणालीस, मोठ्याने वाचलं की धाप लागते. मी मानलं. पण दुपारी दार लावून घ्यायचीस आणि आतून तुझं बोलणं यायचं. मला वाटायचं, ऑफिसातल्या मैत्रिणींशी फोनवर बोलतेस. त्यांच्यासाठी दम आहे आणि माझ्यासाठी नाही, याचा मला राग यायचा. बाहेरून ओरडायची मी, बस कर आता. तू कधी दार उघडून सांगितलं नाहीस.

ढगावरून आपलं किती वाजलं होतं. तू म्हणायचीस, संगणकात जागा नाही, जुना झाला, म्हणून सगळं ढगात ठेवते. मी म्हणायची, ढगात माणसं जातात, सामान कोण ठेवतं. तू हसायचीस. म्हणायचीस, मी जाईन तेव्हा सामान आधीच तिथे असलेलं बरं. मराठी माणूसच असा विनोद करेल आणि मराठी माणसालाच तो कळेल. मी मात्र हसले नव्हते. तुझे रिपोर्ट तोवर आले होते. तू मला त्यांचा अर्थ सांगितला नाहीस आणि मी विचारला नाही. दोघींना माहीत होतं. मग पोळ्या खाल्ल्या.

आणि ते मराठीचं खूळ. तुझं म्हणणं, ऑफिसात आयुष्यभर हिंदी-इंग्रजीत माना डोलावल्या, घरचा संगणक तरी मराठीत बोलेल. मी सांगत होते, त्याला कॉम्प्युटर म्हणतात, आणि उद्या बिघडला तर दिल्लीत कोण मराठीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणार. "तू करशील," तू म्हणालीस. मला टोचायला म्हणालीस. चौथी पास बाईला.

तर त्या दुपारी 'दुवा तोडा'च्या पाटीसमोर आम्ही दोघी बसलो होतो आणि लाइट गेली.

मयूर विहारला उन्हाळ्यात लाइट जाते यात नवं काही नाही. पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला. पण कॉम्प्युटर टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यावर चालतो, आणि तो डबा लाइट गेली की टीं टीं करत ओरडतो आणि थोड्या वेळात दम सोडतो. तो ओरडायला लागला. पाटी तशीच उघडी.

"आत्या, हे असंच बंद झालं तर?"

"तर काय?"

"मला नाही माहीत. अर्धं तुटलं तर? मला खरंच नाही माहीत."

फोनमधला मुलगा म्हणाला, "आंटीजी, टेंशन मत लीजिए, कुछ नहीं होगा."

"त्याला सांग, त्याच्या घरचं नाही ना," मी म्हटलं. प्रज्ञाने ते सांगितलं नाही. फोन बंद केला.

डबा भराभर टीं टीं करायला लागला.

"रद्द दाबू?" ती म्हणाली. "आत्या, रद्द म्हणजे फाइलीच रद्द झाल्या तर? कॅन्सल. कशाला कॅन्सल? इंग्लिशमध्ये असतं तर मला कळलं असतं ना."

इंग्रजीत असतं तर तुला वाचायलाच लागलं नसतं, हे मी तिला मनात म्हटलं. इंग्रजीत असतं तर तू मघाशीच दाबून मोकळी झाली असतीस. पण ते नंतर. तेव्हा मला एवढंच सुचलं की आपण नवी दिल्ली स्टेशनावर किती वेळा बसलोय, आणि भोंग्यावर किती वेळा गाडी रद्द झाल्याचं ऐकलंय. "गाडी रद्द झाली की गाडी जात नाही," मी म्हटलं. "तोडणं रद्द केलं की तोडणं होत नाही. दाब."

"नक्की?"

"नक्की कोणाला माहीत आहे इथे? दाब."

तिने दाबलं. पाटी गेली. डब्याने एक लांब सूर काढला आणि पडदा काळा झाला.

प्रज्ञाने कपाळाला हात लावला. ती रडेल असं मला वाटलं, मी पाणी आणलं. ती म्हणाली, "छोट्या आत्याने मला का नाही सांगितलं? मी दर रविवारी येत होते. एक शब्द नाही."

"मला तरी कुठे सांगितलं."

"तुला तर सरप्राइज द्यायचं असेल."

"मरणाऱ्या माणसाने सरप्राइज देऊ नये," मी म्हटलं. तिला ते आवडलं नाही. तुला आवडलं असतं.

मग ती फोनवर दुवा शब्द शोधत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्या, दुवा म्हणजे लिंक पण होतो. साखळीची कडी असते ना, ती." म्हणजे तुझी पाटी काही चूक नव्हती. कडीच तोडायला सांगत होती. मला म्हातारीचा दुवा वाटला आणि हिला देवाची दुआ, आणि दोन्हीकडून आम्ही तोडायला घाबरलो. खरा अर्थ माहीत असता तर एखादी कडी तुटली म्हणून कोणी एवढं अडून बसलं नसतं.

लाइट आली. भिंतीवरचं बटण मी दाबलं, कॉम्प्युटर घरघरत उठला. कोपऱ्यातलं गोल पुन्हा फिरायला लागलं. 'जोडत आहे'. म्हणजे काही तुटलं नव्हतं, आणि काही जुळतही नव्हतं. प्रज्ञाने आधीचं सगळं पुन्हा केलं. वायफायचा डबा बंद केला, चालू केला. वायर काढली, फुंकली, लावली. तिच्या फोनवर त्याच वायफायवर सगळं धावत होतं. "नेट आहे," ती म्हणत होती, "नेट तर आहे, आत्या. मग हे कुठे अडलंय?" आवाज चढत चालला होता. मी म्हटलं, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, तुझी छोटी आत्या आणि मी त्याच्यावर खूप ओरडून बसलोय.

शेवटी तिने फोन बाजूला ठेवला आणि कॉम्प्युटरवरच काही शोधायला गेली. तर तिथेही लाल पाटी. ती पुन्हा अक्षरं उचलायला लागली आणि मी डोळे बारीक करून पुढे वाकले. ही अक्षरं मोठी होती. माझ्यापुरती मोठी.

"तुमचे घड्याळ मागे आहे," मी वाचलं.

प्रज्ञाने खाली कोपऱ्यात पाहिलं. मग मोठ्याने हसली, आणि लगेच तोंडावर हात घेतला. "आत्या, हा कितीतरी वर्षं मागे आहे. पाहिलंच नाही मी. मूर्ख आहे मी."

तेव्हा मला तू दिसलीस. रोज सकाळी तुझी ती खुडबुड. कॉम्प्युटर लावायचीस, चहाचा कप हातात, आणि इतर काही करायच्या आधी खालच्या कोपऱ्यात टिकटिक करत बसायचीस. मी म्हणायची, काय उकरतेस रोज तिथे. तू म्हणायचीस, "याला आज कोणता दिवस ते सांगते. रात्री विसरतो." मला वाटायचं नेहमीसारखं काहीतरी बोलतेस. तू खरंच सांगत होतीस. प्रज्ञा म्हणाली, आत एक बटणासारखा सेल असतो, तो मेला की वीज गेल्यावर याला तारीख आठवत नाही. आणि वीज रोज रात्री जायचीच, कारण भिंतीवरचं बटण मी बंद करते. दादाच्या सरोजिनी नगरच्या क्वार्टरपासूनची सवय. तू एकदाही म्हणाली नाहीस की बंद करू नकोस. रोज सकाळी उठून तारीख सांगत राहिलीस. सेल बदलायचा सोडून. हे तुझं मला कधी कळलं नाही आणि आता कळणारही नाही, हा आळस होता की लाड.

तू गेल्यावर त्याला दिवस सांगणारं कोणी नव्हतं. तो आपला तू त्याला विकत आणलंस त्या साली जाऊन बसला होता. त्याच्या लेखी तू नुकती निवृत्त झाली होतीस, दादा जिवंत होता, आणि आजच्या जगातल्या कोणाला तो ओळखत नव्हता. मग जोडणार कसा.

प्रज्ञा वर्षं पुढे सरकवायला लागली. एकेक साल दाबावं लागत होतं. दादा गेला ते साल आलं तेव्हा तिचं बोट थांबलं, तिचा बाप तो.

"पुढे चल," मी म्हटलं.

हे साल आलं. महिना. तारीख. कोपऱ्यातलं गोल फिरत होतं. फिरत राहिलं. मी श्वास धरला होता असं प्रज्ञा म्हणते, मी काही धरला नव्हता, मला खोकला येत होता. मग गोल थांबलं आणि तिथे शब्द आला, 'अद्ययावत'.

"अद्य... काय? आत्या, हे चांगलं की वाईट?"

मला तो शब्द येत नव्हता. चौथीत नव्हता. "तुझ्या आत्याचा आहे," मी म्हटलं, "चांगला असेल."

ढगांच्या जागी एकेक करून हिरव्या खुणा यायला लागल्या. पण प्रज्ञा आता शहाणी झाली होती. म्हणाली, आधी ऐकायचं नाही, आधी खाली उतरवून घ्यायचं. लाइटचा भरवसा नाही. फायलींवर जाऊन तिने एक ओळ शोधली आणि मला विचारलं, "'नेहमी या उपकरणावर ठेवा', हेच ना?"

"नेहमी म्हणजे ऑलवेज," मी म्हटलं. तेवढं इंग्रजी मला येतं. "दाब."

उतरायला वेळ लागला. एक हिरवी रेघ सरकायची, थांबायची, सरकायची. पंख्याकडे बघत बसलो, तो मंदावला की लाइट गेली असं समजायचं. काळा डबा एकदा टीं वाजला तेव्हा दोघी उठून उभ्या राहिलो. काही नव्हतं. प्रज्ञाने पर्समधून पेन ड्राइव्ह काढून त्याच्यावरही एक प्रत घेतली. मग म्हणाली, "लावू?"

मी भाजीची परडी आणली. रिकामे हात घेऊन मला ऐकता येत नाही, तुला माहीत आहे.

तुझा आवाज आला. हॉस्पिटलनंतरचा, आत हवा कमी असलेला. "प्रकरण बारा," तू म्हणालीस, ऑफिसात नाव पुकारल्यासारखं. वाचायला लागलीस. इंदू स्टँडवर बसली आहे, शेजारी एक बाई पिशवी ठेवते आणि विचारते, कुठे जायचं. तिथे तू थांबलीस. मला वाटलं धाप लागली. प्रज्ञालाही वाटलं, तिने फाइल बिघडली का म्हणून हात पुढे केला. मग तू म्हणालीस, "आता तू म्हणशील, हिने खोटं सांगावं. म्हण." आणि गप्प राहिलीस. नुसता तुझा श्वास ऐकू येत होता आणि बाहेर कुकरची शिट्टी. माझ्या कुकरची.

मी म्हटलं, "खोटं सांगावं. परक्या बाईला काय करायचंय."

जणू ऐकलंस तशी तू पुढे वाचायला लागलीस.

सगळ्या वाचनात तू अशा जागा सोडल्या आहेस. जिथे मी भांडले असते तिथे बरोबर. एखाद्या ठिकाणी जागा सोडली आहेस आणि मला काही म्हणायचं नव्हतं, तिथे तू चुकलीस. तेवढ्या मी मोजून ठेवीन. एके ठिकाणी लांबून माझाच आवाज आहे, दाराबाहेरून, "विमल, बस कर आता." आणि तू हळूच म्हणतेस, "ही बघ, आली." आणि पुन्हा वाचू लागतेस. मी रागवायची तेव्हा तू माझ्याशीच बोलत होतीस, दाराच्या आतून, आणि मला ते ऐकायला एवढं सगळं करावं लागलं.

शेवटच्या फायलीत तुझा आवाज फार बारीक आहे. स्टँडवर बस लागते. इंदू उठते. तू म्हणतेस, "आता तू म्हणशील..." आणि पुढे काही नाही. तू वाचलंही नाहीस, बोललीही नाहीस. फाइल संपली.

"पुस्तक मागवू का लायब्ररीतून?" प्रज्ञाने विचारलं. "मी वाचेन. हळूहळू वाचेन, पण वाचेन."

"पुढच्या रविवारी," मी म्हटलं. "आत्ता नको."

इंदू परत गेली असेल तर तू जिंकलीस, हे मला मान्य करावं लागेल, आणि तू समोर नसताना मान्य करण्यात मला काही चव नाही. म्हणून थोडं थांबते. मराठीचं मात्र सांगते. तू हट्टाने मराठी ठेवलीस म्हणून घोटाळा झाला हे खरं, आणि मराठी होती म्हणून ती पाटी मला वाचता आली हेही खरं. हा वाद मिटला असं मी म्हणत नाही.

सेल प्रज्ञा नवा आणते म्हणाली. मी नको म्हटलं. सकाळी चहा घेऊन मी बसते आणि त्याला दिवस सांगते. प्रज्ञा मला तारीख फोनवरून सांगते, कधी चुकीची, तेव्हा बरोबर कोणती ते मी तिला सांगते.

एकाच घरातली आम्ही तीन भावंडं दिल्लीला आलो. दादा गेला, विमल गेली. मी आहे.